तात्यांच्या वह्या कुठल्या कपाटात?

मराठी साहित्याला एक नंबर आहे: ८९१.४६. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत नेमाडे, गौरी देशपांडे, नामदेव ढसाळ ज्या कपाटात आहेत तिथे जा आणि पुस्तकांचे कणे बघा. पांढऱ्या चिठ्ठीवर बहुधा हाच आकडा दिसेल. त्यापुढे १ असेल तर कविता, २ असेल तर नाटक, ३ असेल तर कथा-कादंबरी. मी बी.लिब. केलं त्या वर्षी हे आकडे पाढ्यांसारखे पाठ केले होते. झोपेतून उठवून कुणी ‘मराठी कादंबरी?’ असं विचारलं असतं, तर मी ‘८९१.४६३’ म्हणून परत झोपले असते.

हा आकडा आला कुठून, हे मात्र वर्गात कुणी फारसं सांगितलं नाही. परीक्षेत तो प्रश्न येत नाही.

१८७६ साली मेल्विल ड्यूई नावाच्या एका अमेरिकन तरुणाने जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत मांडलं. त्यातला आठशेचा खण साहित्याचा. त्यात ८१० अमेरिकन, ८२० इंग्रजी, ८३० जर्मन, ८४० फ्रेंच, ८५० इटालियन, ८६० स्पॅनिश, ८७० लॅटिन, ८८० ग्रीक. झाल्या सगळ्या खोल्या. उरलेलं अख्खं जग मग शेवटच्या एका खोलीत, ८९० मध्ये: ‘इतर’. चिनी, जपानी, अरबी, तमिळ, स्वाहिली, सगळे तिथेच दाटीवाटीने. टॉलस्टॉयसुद्धा. रशियनचा नंबर ८९१.७, म्हणजे ‘वॉर अँड पीस’चा कर्ता आणि आपण एकाच चाळीत.

२०११च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली. लॅटिन आज कुणाच्याच घरात बोलली जात नाही. तरी लॅटिनला स्वतंत्र खोली आणि मराठीला दशांश चिन्हाच्या पलीकडची जागा.

धर्माचं बघा. दोनशेच्या खणात २२० ते २८० एवढी जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला. बाकी सगळे २९० मध्ये. बौद्ध धम्म २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, शीख २९४.६, इस्लाम २९७. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात लाखो लोकांसह एक धर्म सोडला आणि दुसरा स्वीकारला. ड्यूईच्या कपाटात तो प्रवास दशांश दोनचा आहे.

मी हे वर्गात बोलले तेव्हा शेजारची मैत्रीण म्हणाली, “अगं, नंबर म्हणजे पत्ता. पोस्टाच्या पिनकोडसारखा. पत्त्यात कसला आलाय मान-अपमान?”

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पुस्तक सापडलं म्हणजे झालं, असं मलाही कितीतरी दिवस वाटायचं. पण पिनकोड आणि वर्गांक यांत एक फरक आहे. पिनकोड तुमच्या घराशेजारी कोण राहतं हे ठरवत नाही. वर्गांक तेच ठरवतो. कोणतं पुस्तक कोणाच्या शेजारी उभं राहील, कपाट चाळताना तुमचा हात कशावरून कशावर जाईल, हे सगळं त्या आकड्यात आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ मी तीन लायब्ररींत तीन ठिकाणी पाहिलं आहे. एकीकडे मराठी साहित्यात, एकीकडे चरित्रांत आणि एकीकडे ३०५.५६८८ मध्ये. तीनशेचा खण समाजशास्त्राचा. ३०५.५६८ म्हणजे समाजाने वगळलेले गट, आणि त्यापुढचा ८ दलितांचा. म्हणजे त्या तिसऱ्या लायब्ररीत ‘बलुतं’ हे वाचायचं पुस्तक नसून अभ्यासायचा प्रश्न आहे. त्याच लायब्ररीत एका नामवंत नाटककाराचं आत्मचरित्र साहित्याच्या कपाटात होतं. दोघांनीही आपलंच आयुष्य लिहिलं होतं.

आणि आपण फक्त सोसणाऱ्यांत आहोत असंही नाही. कोकणी साहित्याचा नंबर माहीत आहे? ८९१.४६९. मराठीच्या आकड्याला मागे एक नऊ चिकटवलेला. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, यावर गोव्यात पिढ्यानपिढ्या वाद झाले. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. कपाटात ती अजून आपली शेपटी आहे. पणजीतल्या एखाद्या मुलीला त्या नऊकडे बघून काय वाटत असेल, ते ८९१.४६ कडे बघून मला जे वाटतं त्याहून वेगळं नसावं.

* * *

ही व्यवस्था आपल्याकडे कशी रुजली, ती गोष्ट गुंतागुंतीची आहे. तिच्यात नुसते साहेब नाहीत.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथली सार्वजनिक वाचनालयं बघून भारावले. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. बॉर्डनने तीन वर्षांत संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. गावोगाव पेट्यांतून फिरणारी ग्रंथालयं पाठवली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग सुरू केला. भारतातला ग्रंथालयशास्त्राचा हा पहिला वर्ग. लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाने दुसरा वर्ग काढला तो १९१५ मध्ये. म्हणजे आपला हा विषय जन्माला आला तोच परदेशी बोली बोलत. पण त्याला घरी आणणारा मराठी राजा होता आणि त्याचा हेतू रयतेला वाचतं करण्याचा होता.

याच सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. ड्यूईने १८८७ मध्ये ग्रंथपालांची पहिली शाळा काढली होती ती याच कोलंबियात. शिकून आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी हुसकावलं. ज्या संस्थानाने पेट्यांत भरून गावोगाव मोफत पुस्तकं नेली, त्याच्याच राजधानीत हे घडलं. पुस्तक सगळ्यांपर्यंत न्यायची यंत्रणा अमेरिकेहून आणता आली. शेजारी कोणाला बसू द्यायचं, हे आधीच इथलं होतं.

खुद्द ड्यूईचंही काही वेगळं नव्हतं. लेक प्लॅसिड इथे त्याचा एक क्लब होता, त्यात ज्यूंना प्रवेश नव्हता. त्यावरून ओरड झाली आणि १९०५ मध्ये त्याला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदावरून जावं लागलं. बायकांशी केलेल्या गैरवर्तनाच्या तक्रारीही होत्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या सर्वोच्च पदकावरून त्याचं नाव काढलं ते २०१९ मध्ये. पदकावरून नाव गेलं, पण कपाटांवर आकडे आहेतच. त्या आकड्यांची मालकी आज ओसीएलसी या अमेरिकन संस्थेकडे आहे आणि ताजी ऑनलाइन आवृत्ती वापरायची तर वर्गणी भरावी लागते. आमच्यासारख्या तालुक्याच्या वाचनालयात जुन्या छापील खंडांवरच काम चालतं.

आणि रंगनाथन? दर ऑगस्टमध्ये त्यांच्या फोटोला हार घालून आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. शिकायला लंडनला गेले असताना एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण जोडाल तशी नवी वस्तू. ज्ञानही असं जोडता येईल, या कल्पनेतून १९३३ मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण आलं. त्यात देशांच्या यादीत एक सुंदर युक्ती आहे. १ म्हणजे जग आणि २ म्हणजे मातृदेश. कोणाचा? ज्या लायब्ररीत पुस्तक आहे तिचा. पुण्यात २ म्हणजे भारत, नैरोबीत २ म्हणजे केनिया. भाषेसाठीही तशीच सोय होती. जगाचा मध्य कुठे, हे प्रत्येक लायब्ररीने आपापलं ठरवायचं. साम्राज्याच्या ऐन भरात मद्रासमध्ये बसून एका माणसाने हे लिहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण त्यांच्याही धर्माच्या खणात पहिला आकडा वैदिकांचा आणि दुसरा वेदोत्तर हिंदूंचा. जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान त्यानंतर. खुर्ची लंडनहून मद्रासला आली, पण ओळीत पहिला कोण, हा प्रश्न राहिलाच. आणि आज बहुतेक भारतीय लायब्ररींत ड्यूईच चालतो. रंगनाथन आम्ही परीक्षेपुरते शिकलो.

* * *

आता तात्यांच्या वह्यांकडे येते.

तात्या म्हणजे माझ्या आईचे वडील. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात ते जलसा करायचे. आंबेडकरी जलसा तुम्ही पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. साचा तमाशाचा: ढोलकी, डफ, तुणतुणं, पेटी, मध्ये फार्स. पण सांगायचं ते वेगळं: मेलेली ढोरं ओढू नका, पोरांना शाळेत घाला, पाणवठ्यावर तुमचाही हक्क आहे. भीमराव कर्डकांनी नाशिककडेच १९३०च्या दशकात जलसा उभा केला. वामनदादा कर्डक पुढच्या पिढीचे. तात्या या मोठ्या माणसांच्या सावलीतले, दहा-बारा गावांपुरते शाहीर. दिवसा गवंडीकाम, रात्री जलसा.

ते गेल्यावर पत्र्याच्या पेटीत सात वह्या मिळाल्या. मागे पाढे छापलेल्या शाळेच्या वह्या, सुतळीने एकत्र शिवलेल्या. गाण्याच्या वर चाल लिहिलेली, बाजूला ‘काळी दोन’ किंवा ‘पांढरी चार’ अशी पट्टी. समासात गावाचं नाव, तारीख, मिळालेले पैसे, एसटीचं भाडं. मधेच सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब. काही पानांवर अक्षर दुसऱ्याचंच.

मी नोकरी करते ते वाचनालय शासनमान्य आहे, जुनं आहे आणि गेल्या दोन वर्षांपासून त्याचं संगणकीकरण चालू आहे. मला वाटलं, वह्या घरी वाळवी खाईल, त्यापेक्षा इथे ठेवू. आमचे कार्यवाह निवृत्त शिक्षक आहेत, सज्जन माणूस. त्यांनी एक वही हातात घेतली, चष्मा सारखा केला, दोन पानं मनापासून वाचली. मग म्हणाले, “मॅडम, मोलाचं आहे हो हे. पण पुस्तक नाही ना हे. प्रकाशक नाही, किंमत नाही, बिल नाही. दाखल नोंदवहीत कसं घेणार? तपासणीला आले तर काय दाखवू?”

“देणगी म्हणून घेऊ, सर.”

“देणगीतही किंमत लिहावी लागते. आणि नंबर कोणता देणार?”

नंबर. मी घरी आले आणि ड्यूईचे खंड उघडून बसले. गाणी आहेत म्हणून संगीतात? तो सातशेचा खण. बुद्धवंदना आहेत म्हणून २९४.३? विषय जातीचा म्हणून ३०५.५६८८? तोंडी परंपरेतलं म्हणून ३९८, लोकसाहित्य? की कविता म्हणून ८९१.४६१?

यातला ३९८ मला सगळ्यात जास्त खटकतो, म्हणून त्यावर थोडी थांबते. लोकसाहित्य म्हणजे ज्याला कर्ता नाही असं साहित्य, असं आपण सहज म्हणून जातो. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोट्यावर, शेतात काम करताना त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. आईच्या पश्चात त्याने ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. म्हणून बहिणाबाई आज ८९१.४६१ मध्ये, केशवसुतांच्या शेजारी आहेत. ज्या बाईचा मुलगा कवी नव्हता आणि अत्र्यांना ओळखत नव्हता, तिची ओवी ३९८ मध्ये गेली, तीही कुणी उतरवून घेतली तर. दोघी दळत होत्या. दोघी रचत होत्या. मध्ये फक्त एक छापखाना आला.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत आहेत आणि तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे. तुम्हांला ही साधी गोष्ट वाटेल. माझ्या मते कर्त्याचं नाव लिहिणं हे वर्गीकरणातलं सगळ्यात मोठं पाऊल आहे.

पण नाव लिहायचं तरी कुठलं? सॉफ्टवेअरमध्ये रकाना आहे: लेखक, आडनाव आधी. तात्यांनी वह्यांवर तीन प्रकारे सही केली आहे. पहिल्या वहीत गावाने ठेवलेलं हाकेचं नाव, जे मी इथे लिहिणार नाही, कारण ती हाक नव्हती, हिणवणं होतं. मधल्या वह्यांत स्वतःचं आणि वडिलांचं नाव. शेवटच्या दोन वह्यांत १९५६नंतर घेतलेलं नवं आडनाव, त्याच्यामागे ‘शाहीर’. तालिकेला एक अधिकृत नाव लागतं. तात्यांचं आयुष्यच एका नावातून दुसऱ्या नावात जाण्याचं होतं.

* * *

न छापलेल्याची नोंद नाही, हा नियम जुना आहे. १८५७नंतर दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. काही छापलं की प्रती सरकारजमा करायच्या. दर तिमाहीला याद्या निघायच्या: भाषा, नाव, लेखक, विषय, छापखाना, पानं, किंमत. प्रजा काय वाचते यावर डोळा ठेवायला केलेल्या याद्या, आणि आज त्यांच्याशिवाय एकोणिसाव्या शतकातल्या मराठी छपाईचा इतिहास लिहिता येत नाही. आमच्या कार्यवाहांचे प्रश्न, प्रकाशक कोण, किंमत किती, हे त्याच याद्यांच्या रकान्यांतले आहेत. तो कायदा रद्द होऊन त्याजागी नवा कायदा लागू झाला तो थेट २०२४ मध्ये.

छापलेल्याचीही गंमत आहे. अमेरिकेतून आपण पीएल ४८० योजनेत गहू घेतला, त्याचे पैसे रुपयांत चुकवले. त्या रुपयांतून १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतात पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठी पुस्तकंही ढिगाने गेली. म्हणून तुमच्या आजोबांच्या पिढीतली एखादी मराठी कादंबरी तालुक्याला सापडत नाही आणि शिकागोत सापडते. तिथे ती शोधायची तर तिथल्या रोमन नियमाने. त्या नियमात शेवटच्या अक्षरातला, आपण न उच्चारलेला ‘अ’ही लिहावा लागतो. तुकाराम तिथे ‘तुकारामा’ होतो. बरं, आपली भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची, १९५८ मध्ये सुरू झालेली, स्वतंत्र भारताची, तीही सगळ्या भाषांसाठी रोमन लिपीतच निघाली.

वह्यांचं कोडं माझ्याकडून सुटेना. एका रविवारी आई भाजी निवडत बसली होती. मी वह्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, “आई, तू सांग. हे कसं लावायचं?”

“लावायचं म्हणजे?”

“म्हणजे कोणतं गाणं कशाचं. कुणी मागितलं तर सापडलं पाहिजे.”

आईने हात पुसले. तिने पहिलं पान उघडलं, ओळ वाचली नाही, गुणगुणली. मग म्हणाली, “हे चौदा एप्रिलचं. लिही.” पुढचं पान. “हे मयताचं. हे बारशाचं. हे सहा डिसेंबरचं, हे रात्री उशिरा म्हणायचे, लोक पेंगायला लागले की.” मी लिहीत गेले. दोन तासांत तिने सात वह्यांना अकरा शीर्षकं दिली. त्यांत ‘पाण्याची’ होती, ‘गाव सोडलं तेव्हाची’ होती, ‘बायांनी म्हणायची’ होती. एक शीर्षक होतं ‘आपली नसलेली’. “ही वामनदादांची. तात्यांनी उतरवून घेतली. त्यांच्या नावावर घालू नको, तात्यांना आवडणार नाही.” मी दोन वर्षांत शिकलेलं कर्तृत्वनोंदीचं शास्त्र तिने एका वाक्यात सांगितलं.

शेवटी तिने चौथी वही बाजूला काढली. “ही बाहेर द्यायची नाही.”

“का?”

“यात माणसांची नावं आहेत. त्यांची पोरं आज गावात आहेत. काही आपल्याशी चांगली वागतात.”

ग्रंथालयशास्त्र मला शिकवतं की ज्ञान खुलं हवं, सगळ्यांना हवं. आई सांगत होती की काही गोष्टी कधी खुल्या करायच्या, हे ज्यांनी त्या सोसल्या त्यांनी ठरवायचं. नंतर वाचताना कळलं की हाच विचार ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांनीही केला आहे. त्यांच्यासोबत ‘मुकुर्तू’ नावाची संगणक प्रणाली घडली, तिच्यात कोणता फोटो, कोणतं गाणं कुणी बघायचं हे समाजाच्या रीतीप्रमाणे ठरवता येतं. कॅनडात मोहॉक समाजातल्या ब्रायन डीअर या ग्रंथपालाने १९७०च्या दशकात स्वतःची वर्गीकरण पद्धत बांधली, कारण प्रचलित पद्धतींत त्याची माणसं फक्त इतिहासाच्या खणात होती, जणू आज ती उरलीच नाहीत. आणि शब्द बदलतातही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत आपल्याकडच्या एका मोठ्या समाजासाठी ‘अस्पृश्य’ या अर्थाचं शीर्षक होतं, आता तिथे ‘दलित’ आहे. तिथल्याच सूचीतला ‘बेकायदा परके’ हा शब्द जावा म्हणून डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये मागणी लावून धरली. मध्ये अमेरिकन संसद आडवी आली. २०२१ मध्ये शब्द गेला. विद्यार्थ्यांनी सुरू केलं होतं ते, तुमच्याच वयाच्या.

* * *

मी आईची यादी घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली. कार्यकारी मंडळात विषय निघाला तेव्हा एक सदस्य म्हणाले की उद्या सगळेच आपापल्या आजोबांच्या वह्या आणतील. सर म्हणाले, “आणू द्या की.” मला त्या दिवशी ते फार आवडले.

सहा वह्या आता वाचनालयात आहेत. दाखल नोंदवहीत नाहीत, त्यामुळे अनुदानाच्या हिशेबात धरल्या जात नाहीत. हस्तलिखितांची वेगळी नोंदवही सुरू केली, तिच्यातला पहिला क्रमांक तात्यांचा. नाव तिन्ही काळांतलं आहे, पण हिणवणाऱ्या नावापुढे ते कुणी ठेवलं तेही लिहिलं आहे. कण्यावर मी ८९१.४६१ चिकटवलं. ड्यूईचाच आकडा, हो. नवा आकडा शोधला असता तर तात्या पुन्हा वेगळ्या कपाटात गेले असते, एकटे. मला त्यांना कवितेच्या रांगेत उभं करायचं होतं. तालिकेत विषयशीर्षकं मात्र आईची आहेत, अकराच्या अकरा.

चौथी वही घरीच आहे. नोंदवहीत तिची ओळ आहे आणि पुढे लिहिलं आहे: ‘कुटुंबाकडे. विचारावे.’

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दहावीची परीक्षा दिलेला एक मुलगा आला. जयंतीला म्हणायला जुनं गाणं हवं होतं, यूट्यूबवरचं नको. मी संगणकावर ‘चौदा एप्रिल’ टाकलं आणि तेवीस गाणी आली. त्याने वही चाळली, एका पानाचा फोटो काढला आणि विचारलं, “ताई, याची चाल कशी आहे?”

वहीत चालीचं नाव होतं, पण ती चाल मला येत नव्हती. मी आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. देवघेवीच्या टेबलाशी उभ्या चार-पाच जणांनी पेपर खाली ठेवले. आईने दोन कडवी म्हटली. मुलाने रेकॉर्ड केलं, आईला “थँक्यू, मावशी” म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी मी हस्तलिखितांच्या नोंदवहीत पट्टी धरून एक नवा रकाना आखला: ‘चाल कुणाला येते’. सध्या त्यात एकच नाव आहे आणि त्या नावाचं वय चौसष्ट आहे. शेजारच्या गावात तात्यांच्या जलशात ढोलकी वाजवणारे एक आजोबा अजून आहेत, असं आई म्हणते. येत्या रविवारी तिकडे जायचं ठरलंय. फोन पूर्ण चार्ज करून घ्यायचा आहे.